दुखण्याची आणेवारी

"अण्णा, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होण्याच्या पलीकडे. तर आत्ता किती?"

२०१९ च्या जानेवारीत कुवेतमधल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत मी माझ्या वडिलांना हा प्रश्न विचारत होतो. आई-अण्णा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सालमियाला आले होते. इथल्या थंडीचं कौतुक करत अण्णा रोज सकाळी समुद्रावर फिरायला जायचे आणि एके दिवशी घाम पुसत, छाती चोळत परत आले. पुढचे चार दिवस कसे गेले ते ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना सांगायला नको. बायपास झाली, ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं. मी समजलो, सुटलो!

खरी गोष्ट तिथून सुरू होते. अण्णा एस.टी.त कंडक्टर होते, सातारा आणि कराड डेपोत मिळून एकतीस वर्षं. त्यांना मराठी येतं आणि कामापुरतं हिंदी. सिस्टर केरळातल्या, कोट्टायमकडच्या. त्यांना मल्याळम, इंग्लिश, अरबी आणि बऱ्यापैकी हिंदी येत होतं. मधला दुभाषा मी. माझ्या प्रश्नावर अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "आरं, दुखणारच की. कापलंय म्हटल्यावर."

"नंबर सांगा अण्णा."

"घाल दोन."

मी सिस्टरना सांगितलं, "टू." आणि वर स्वतःच्या पदरचं घातलं, "ही इज अ स्ट्राँग मॅन. गुंगीचं औषध जास्त देऊ नका, प्लीज." असं का म्हणालो? थोडा वडिलांच्या सोशिकपणाचा अभिमान, आणि थोडी मॉर्फिन या शब्दाची भीती. सवय लागली तर? सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात पलंगाचा कठडा इतका घट्ट धरून होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्या काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अण्णा खोकेनात. बायपासनंतर छातीचं हाड तारांनी शिवलेलं असतं. खोकलं की तिथून कळ जाते, म्हणून पेशंट खोकणं टाळतो, श्वास वरच्या वर घेतो, कफ साठतो आणि फुफ्फुसाचा खालचा भाग मिटायला लागतो. तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं खेळणं त्यांच्यापुढे धरलं तर एकही चेंडू हलेना. एक्स-रेत डावीकडे खाली पांढरा पट्टा दिसला आणि ऑक्सिजन वाढवावा लागला. दुखणं लपवलं अण्णांनी, पण त्यावर शिक्का मारला मी.

तर मंडळी, मी इतिहासकार नाही आणि डॉक्टरही नाही. कॉम्प्युटर इंजिनीअर आहे, सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. पण त्या आठवड्यात आयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीत बसून एक प्रश्न डोक्यात शिरला तो आजतागायत निघालेला नाही. अण्णांच्या डोक्यावरच्या स्क्रीनवर हृदयाचे ठोके होते, रक्तदाब होता, ऑक्सिजन होता. प्रत्येकाला आकडा, प्रत्येकाला अलार्म. मग दुखण्याला अलार्म का नाही? तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. पुढे जे लिहितोय ते त्या वाचनातलं आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन शस्त्रक्रिया निर्वेध पार पाडून दाखवली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला. वैद्यकाच्या इतिहासात ही तारीख सोनेरी अक्षरांत लिहितात आणि ते योग्यच आहे. पण नीट पाहिलं तर दुखणं हटलं ते टेबलावरच्या तासाभराचं. भूल उतरल्यावर काय? पुढची रात्र, पुढचे चार-पाच दिवस? सर्जन हात धुऊन घरी जायचा आणि ते दुखणं ज्या बाईच्या हवाली व्हायचं ती नर्स. तिच्याकडे पाण्याचा पेला, उशी आणि डॉक्टरनं लिहून ठेवलं असेल तर अफूचे थेंब, एवढंच. ती सगळं बघायची, पण तिनं बघितलेलं कुठे लिहिलं जात नव्हतं.

आता आपल्या कुवेतकडे वळू. गल्फ रोडवरून नॅशनल असेंब्लीच्या बाजूला जाताना समुद्राकडे तोंड केलेली जुनी इमारत आपण सगळ्यांनी पाहिली आहे, पोरांना घेऊन प्रदर्शनं बघायलाही गेलो आहोत. आज ते 'अमेरिकानी' सांस्कृतिक केंद्र आहे. एके काळी ते अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल होतं. शेख मुबारक यांनी डॉ. आर्थर बेनेट यांना बोलावलं आणि १९११ च्या सुमारास मिशनला जागा मिळाली. १९१२ साली डॉ. एलिनॉर कॅल्व्हर्ली आल्या, कुवेतमधल्या पहिल्या स्त्री-डॉक्टर. १९१४ साली पुरुषांचं हॉस्पिटल उभं राहिलं, कुवेतमधल्या अगदी पहिल्या काँक्रीटच्या इमारतींपैकी ते एक. डॉ. स्टॅन्ले मायलरी यांनी ते पुढे कित्येक वर्षं चालवलं. बायकांचं हॉस्पिटल १९१९ चं.

त्यापूर्वी इथे दुखण्यावर उपाय काय होता? डाग देणं! तापलेल्या लोखंडानं, जिथे दुखतं तिथे किंवा वैद्याला वाटेल तिथे. अरबी भाषेत त्याला 'कय्य' म्हणतात. हसू नका, आपल्याकडेही पोट दुखलं की पोराला डाग द्यायचे आणि बिब्बा घालायचे. आमच्या आजीच्या पोटावर तसे दोन डाग होते. मोठं दुखणं देऊन लहान दुखणं विसरायला लावायचं, ही युक्ती वाळवंटात आणि सातारा जिल्ह्यात सारखीच सुचली होती.

आणि इथली हवा! ईथर साधारण ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. कुवेतच्या ऑगस्टमध्ये, जेव्हा एसी नावाची चीज नव्हती, तेव्हा ईथरची बाटली उघडी ठेवणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. क्लोरोफॉर्म ६१ अंशांपर्यंत तग धरतं. उष्ण देशांत क्लोरोफॉर्म जास्त चाललं त्याला हेही एक कारण.

१० ऑक्टोबर १९२० रोजी जहराची लढाई झाली. रेड फोर्टमध्ये शेख सालेम यांची माणसं वेढली गेली होती. आपण वीकएंडला मुलांना दाखवायला नेतो तोच तो लाल किल्ला. जखमी शंभराहून जास्त, आणि त्यांना घ्यायला हे एक छोटं हॉस्पिटल. मायलरींनी नंतर लिहिलेल्या आठवणींत त्या दिवसांचं वर्णन आहे. त्यांनी गोळ्या काढल्या, जखमा धुतल्या, आणि फारच थोडे दगावले म्हणून हॉस्पिटलचं नाव झालं. आधी ज्यांना या परदेशी डॉक्टरांचा संशय होता तेही आता दारात येऊ लागले.

मी मात्र त्यात दुसरंच शोधत होतो. शंभर जखमींच्या रात्री कोणी सांभाळल्या? शिकलेल्या नर्सेस जवळजवळ नव्हत्याच. डॉक्टर, त्यांच्या घरच्या बायका, हाताखाली शिकून तयार झालेले मदतनीस आणि पेशंटचे भाऊबंद, एवढ्यांवर ते हॉस्पिटल चालत होतं. पुढच्या दशकांत मेरी व्हॅन पेल्ट नावाच्या एका प्रशिक्षित नर्सनं बायकांच्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं काम केलं. डॉक्टरांची आत्मचरित्रं निघाली, नर्सचं नाव तळटीपेत सापडतं. सर्जनचा हात दिसतो आणि त्यानंतरच्या बारा रात्री दिसत नाहीत, असंच सगळीकडे आहे.

त्या हॉस्पिटलचा हिशेब कशात व्हायचा माहीत आहे? रुपये-आण्यांत. कुवेतमध्ये तेव्हा आपलाच रुपया चालायचा. मोती मुंबईच्या बाजारात जायचे आणि तिथून तांदूळ, कापड, लाकूड बूम गलबतांतून इकडे यायचं. १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी वेगळी नोट काढली, तोच 'गल्फ रुपया'. १ एप्रिल १९६१ ला दिनार आला तेव्हा सव्वातेरा रुपयांहून थोड्या जास्त, नेमकं सांगायचं तर १३⅓ रुपयांना एक दिनार मिळाला. (आजचा दर आठवून उसासा टाकू नका. पगार पाठवताना सगळे तोच दर बघून खूष होत असता!) आण्यांची ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर दुखण्याच्या इतिहासात मुंबईचं स्थान विचित्र आहे. मॉर्फिन अफूतून निघतं, जर्मनीतल्या सर्टर्नर नावाच्या औषधविक्याच्या साहाय्यकानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते वेगळं केलं. आणि अफू कुठून येत होती? माळव्यातून. म्हणजे होळकर-शिंद्यांच्या मुलुखातून, मुंबई बंदरामार्गे चीनला. त्या व्यापारात ज्यांनी अमाप पैसा मिळवला त्यांत सर जमशेटजी जीजीभॉय होते, आणि त्यांनीच दिलेल्या मोठ्या देणगीतून जे.जे. हॉस्पिटल उभं राहिलं. १८४३ मध्ये पाया घातला, १८४५ मध्ये ते सुरू झालं. अफूच्या पैशातून हॉस्पिटल बांधलं, पण तिथल्या ऑपरेशन झालेल्या गरीब पेशंटला रात्री अफूचा थेंब मिळत होता का, हा प्रश्न मला छळतो. घराघरांत मात्र अफू होती. गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्यांना बाळगोळी देऊन झोपवायच्या, त्यात तीच असायची.

त्याच जे.जे.मध्ये १८९१ साली बाई काशीबाई गणपत या नर्सिंगचं शिक्षण घ्यायला आल्या. अशी पहिली भारतीय स्त्री म्हणून नर्सिंगच्या पुस्तकांत त्यांचं नाव येतं. विचार करा, परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रक्त-पू काढायचा, रात्रपाळी करायची, आणि हे सगळं १८९१ साली! पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं (स्थापना १९०९) विधवा आणि गरजू बायकांना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हाही समाजानं नाकं मुरडली. खरं सांगायचं तर अजून मुरडतो. आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, इंजिनीअर आहेत, सीए तर पैशाला पासरी. मराठी नर्सेस किती? मुलगी नर्स होते म्हणाली तर आपल्यापैकी किती जण पेढे वाटतील? केरळानं हा प्रश्न आपल्या फार आधी सोडवला, म्हणून आज कुवेतमध्ये आपलं दुखणं विचारायला मल्याळी सिस्टर येते. १९४६ साली तेलाची निर्यात सुरू झाली, १९४९ साली अमिरी हॉस्पिटल उघडलं, आणि तेव्हापासून इथल्या वॉर्डांना हात लागले ते बाहेरून आलेल्या बायकांचे.

आयसीयूचा जन्म त्यामानानं अलीकडचा. ऑपरेशन झालेल्यांना थिएटरजवळच वेगळ्या खोलीत ठेवण्याची पद्धत फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८६३ मध्येच नोंदवून ठेवली आहे. पण आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो तो कोपनहेगनचा. १९५२ च्या पोलिओच्या साथीत तिथे शेकडो विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं हातानं पिशवी दाबून मुलांना श्वास दिला आणि १९५३ मध्ये ब्योर्न इब्सेन यांनी कायमचा विभाग उघडला. मशिनं आली, स्क्रीन आले. माणूस वाचू लागला. पण घशात नळी असलेला माणूस ओरडू शकत नाही. आयसीयूत शांतता असते ना, त्या शांततेत किती दुखणं असतं हे बाहेरून कळत नाही.

हे पहिल्यांदा ठासून कोणी सांगितलं? एका नर्सनं. १९६८ मध्ये मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सनं मांडलं की दुखणाऱ्याचा शब्द हाच पुरावा. तो म्हणतो दुखतंय, तर दुखतंय. तिऱ्हाइतानं "एवढं कसं दुखेल?" असं म्हणायचा प्रश्नच नाही. आज साधं वाटतं, पण १९७३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मार्क्स आणि सॅकर या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी एका हॉस्पिटलातले पेशंट तपासले तेव्हा काय निघालं? डॉक्टर लागतं त्याहून कमी औषध लिहीत होते आणि नर्सेस लिहिलंय त्याहूनही कमी देत होत्या. कारण तेच, "सवय लागेल." म्हणजे माझ्या मनातली भीती तिथल्या शिकल्यासवरल्या लोकांतही होती. यात नर्सेसना सोडून देता येणार नाही. 'गरज पडल्यास द्यावे' असं लिहिलं की गरज कोणी ठरवायची? पेशंट मागत नाही, नर्स देत नाही, आणि चार्टवर सगळं आलबेल.

यानंतर मोजायच्या पट्ट्या निघाल्या. १९७५ मध्ये मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी दुखण्याचे ७८ शब्द गोळा करून त्यांचे २० गट पाडले. मला वाचताना हसू आलं, कारण आपल्या आजीनं बसल्या बसल्या तेवढे सांगितले असते. ठणकतं, ठुसठुसतं, सलतं, चमकतं, चुरचुरतं, भगभगतं, कळ येते, शूळ उठतो, रग लागते, पिळवटतं, आंबून जातं. यातला एकेक शब्द डॉक्टरला वेगळी जागा आणि वेगळं कारण सांगतो. आणि मी त्या सगळ्याचं भाषांतर काय केलं? "पेन." त्यावर आकडा, "टू."

ज्यांना आकडा कळत नाही त्या लहान मुलांसाठी १९८० च्या दशकात ओक्लाहोमाच्या डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी केली. त्यातली डोना वाँग नर्सच. आज कुठल्याही दवाखान्यात भिंतीवर ते सहा चेहरे असतात. अगदी तान्ह्या बाळांची गोष्ट मात्र अंगावर काटा आणते. १९८० च्या दशकापर्यंत बऱ्याच ठिकाणी समज असा होता की नवजात बाळाला दुखणं धड कळतच नाही, त्यामुळे ऑपरेशनला भूल अगदी जुजबी दिली जायची. ऑक्सफर्डमध्ये कंवलजीत आनंद नावाचा तरुण डॉक्टर होता, इंदूरच्या मेडिकल कॉलेजातून शिकून गेलेला. बाळं ऑपरेशनहून इतकी खराब होऊन परत का येतात, हा प्रश्न त्यानं धरून ठेवला. १९८७ मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की नीट वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि गुंतागुंतही कमी होते. माळव्याच्या अफूनं शतकभर आधी चीन झिंगवला. माळव्यात शिकलेल्या माणसानं अफूचाच हा गुण बाळांच्या कामी लावून दाखवला. (अफूच्या कुळातलंच पण प्रयोगशाळेत बनवलेलं फेंटॅनिल त्यात वापरलं होतं.)

आणि बोलूच न शकणारे मोठे? २००१ मध्ये फ्रान्सच्या पायां आणि सहकाऱ्यांनी व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी तीन गोष्टी बघायची पट्टी केली: चेहरा, हात आणि मशिनशी श्वास जुळतोय की नाही. २००६ मध्ये क्वेबेकच्या सेलीन जेलिना या नर्सनं चार गोष्टींची केली. चेहरा, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळणं किंवा नळी नसेल तर कण्हणं. प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण आठ. त्या पहिल्या रात्री सिस्टरनी माझ्या बोलण्यापेक्षा अण्णांच्या बोटांकडे पाहिलं, ते उगाच नव्हतं.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळालं. मॉनिटरवरचे ठोके आणि रक्तदाब हे दुखण्याचे भरवशाचे साक्षीदार नाहीत. दुखत असताना ते वाढतील किंवा वाढणारही नाहीत, आणि दुसऱ्याच कारणानं वाढतील. म्हणून २०१३ च्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट म्हटलंय की नुसत्या त्या आकड्यांवर दुखणं ठरवू नका, ते वाढले तर फक्त नीट बघायची वेळ झाली असं समजा. आमच्या धंद्यातही असंच असतं. डॅशबोर्ड हिरवा असतो आणि कस्टमर फोनवर बोंबलत असतो.

आणखी एक शोध मला फार आवडला. कॅथलीन पुंटिलो या कॅलिफोर्नियातल्या नर्सनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सहा हजारांहून जास्त पेशंटचा अभ्यास छापला. आयसीयूतल्या सहा कामांमध्ये सगळ्यांत जास्त दुखतं कशानं? सुई, नळी, जखमेची पट्टी, काय वाटतं? मोठ्या माणसांना सगळ्यांत जास्त दुखलं ते कूस बदलून देताना! जे काम दिवसातून अनेकदा आणि चांगल्याच हेतूनं केलं जातं, ते. हे सर्जनला कधी कळलं नसतं, कारण कूस बदलायला तो नसतोच.

औषधाचा इतिहास मात्र सरळ नाही. अमेरिकेत दुखण्याला 'पाचवी खूण' म्हणत सगळीकडे मोजायला लावलं, कंपन्यांनी संधी साधली, आणि गोळ्यांच्या व्यसनानं लाखो घरं उद्ध्वस्त झाली. २०१६ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनंच ती पाचवी खूण मागे घ्या म्हटलं. आपल्याकडे उलट. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक की हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. देशातला वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून १९९७ मध्ये १८ किलोवर आला. जगाला औषधी अफू पुरवणारा देश, आणि त्याच्याच कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन नाही! केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं भांडून २०१४ मध्ये कायद्यात सुधारणा करून घेतली. पुन्हा केरळच. कुवेतमध्येही कायदा कडक आहेच. आयसीयूत ते कपाट उघडताना दोघी असायच्या, दोघींच्या सह्या व्हायच्या, उरलेलं औषध दुसरीच्या डोळ्यांदेखत फेकलं जायचं. (जाता जाता, भारतातून येताना शेजाऱ्याच्या दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट बॅगेत टाकताना दोनदा विचार करा.)

आता परत अण्णांकडे.

एक्स-रेनंतर सिस्टरनी मला बाजूला घेतलं. रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमचे फादर काय काम करत होते?" मी म्हटलं, बस कंडक्टर. "मग हिशेब पक्का असेल. दहाच्या जागी त्यांना कुठला हिशेब कळेल?" मी विचारात पडलो. मग गेलो आणि अण्णांना म्हणालो, "अण्णा, रुपयातलं किती दुखतंय? किती आणे?"

अण्णांनी डोळे उघडले. आमच्याकडे पिकाची आणेवारी काढतात. गावातला शेतकरी उभ्या पिकाकडे बघून सांगतो, यंदा आठ आणे, यंदा सहा आणे. त्यात कोणी मोठेपणा दाखवत नाही आणि कोणी लाजत नाही. जे आहे ते सांगायचं, कारण त्यावर पुढचं ठरतं.

"पडून हाय तवा सहा आणे," अण्णा म्हणाले. "खोकलो की चौदा. कुशीवर वळवत्यात तवा रुपया पुरत नाय."

सिस्टरनी सोळाचा भागाकार मनातल्या मनात केला आणि चार्टवर आकडे लिहिले. पडून असताना चार, खोकताना नऊ. मग डॉक्टरांना फोन, औषधाच्या वेळा बदलल्या. फिजिओथेरपीच्या आणि कूस बदलायच्या आधी डोस, नंतर नाही. छातीशी धरायला टॉवेलची घट्ट गुंडाळी दिली. खोकताना ती आवळून धरायची. संध्याकाळी चेंडू हलला. दुसऱ्या दिवशी दोन.

त्यांनी माझ्याकडून एका कागदावर देवनागरीत आणि शेजारी मल्याळममध्ये शब्द लिहून घेतले: ठणका, चमक, कळ, मळमळ, पाणी, लघवी. आणि खाली एक ते सोळा आणे. तो कागद पलंगाच्या डोक्याशी चिकटवला. रात्रीच्या पाळीच्या फिलिपिनो सिस्टरसुद्धा "अण्णा, कितीऽ आने?" असं विचारायला लागल्या. छातीतल्या नळ्या काढायच्या दिवशी मी बाहेर होतो. आत गेलो तर अण्णाच सांगत होते, "ह्या वेळेला आधी सुई दिली. दहा आण्यांत काम झालं."

मी त्यांना विचारलं, पहिल्या रात्री खरं किती होतं? त्यांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. "तू बाहेरच्या लोकांसमोर मान खाली घालावी असं काय सांगायचं? म्हणून दोन म्हणालो."

"आणि खरं?"

"तेरा-चौदा आणे आसंल."

अकराव्या दिवशी घरी सोडलं. आईनं मऊ भात केला होता. निघताना मी सिस्टरना मिठाईचा डबा दिला, त्यांनी तो काउंटरवर सगळ्यांसाठी उघडून ठेवला आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या. तिथे एक बांगलादेशी मुलगा होता, कुठल्याशा साइटवरून पडलेला, घशात नळी. त्यांनी त्याच्या कपाळाकडे पाहिलं, मग मुठींकडे, आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

अण्णा आता कराडला असतात. दर शुक्रवारी फोन करतो. थंडी पडली की छातीच्या हाडात अजून सलतं म्हणतात. मी विचारतो, "किती?"

"दीड आणा. सोड. पोरांचं काय चाललंय?"